खालचा बर्फ आधी वितळतो

ट्रॅव्हलवाल्याचं ऑफिस पहिल्या मजल्यावर आणि जिना आमच्या इंदूरच्या जुन्या बिल्डिंगांना असतो तसा, उभा, अरुंद, धरायला कठड्याऐवजी वरून सोडलेला दोर. दोर धरून धापा टाकत वर पोचले, पंख्याखालची खुर्ची पकडली, ओढणीने घाम पुसला आणि सांगितलं की आम्हाला बर्फात जायचंय, नुसतं बघायला नाही तर स्कीइंग शिकायला, पण मार्च संपताना, त्याआधी जमणार नाही. पोरगा पंचविशीतला, अदबीने बोलणारा. त्याने कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "आंटी, बिगिनर कौन है?" आणि मी जराही न थांबता म्हटलं, "बेटी."

खोटं होतं ते.

लेकीला यातलं काहीच नको होतं. तिची बारावी चालू होती, पेपर संपले की तिला मैत्रिणींबरोबर गोव्याला जायचं होतं आणि आम्ही ते जाऊ देणार नव्हतो हे तिलाही माहीत होतं, त्यामुळे ती कुठेही यायला तयार होती, फक्त तिथे नेटवर्क हवं. स्कीइंगची खाज माझी. वय एक्कावन्न, डावा गुडघा जिना चढताना कुरकुरणारा, नोकरी शाळेच्या ऑफिसात फीचे हिशोब करायची, आणि बर्फ पाहिलेला तो एकतर आमच्या फ्रीजरमध्ये साचतो तो नाहीतर गोळेवाल्याच्या रंध्याखाली. हे खूळ डोक्यात शिरलं 2022 च्या फेब्रुवारीत. बीजिंगला हिवाळी ऑलिम्पिक होतं, आपल्या देशातून गेलेला माणूस एकच, काश्मीरचा आरिफ खान, आणि तो जायंट स्लॅलम नावाच्या स्कीच्या शर्यतीत 45 वा आला. रात्री भांडी आवरून ओट्याला टेकून मी फोनवर त्याची क्लिप पाहिली, मग परत पाहिली, मग हात पुसून नीट बसून पाहिली. पहिला कोण आला ते मला आजही माहीत नाही. हा आपला माणूस गुडघ्यांत वाकून एकदा इकडे एकदा तिकडे कलत खाली येत होता आणि पायाखालून ती पांढरी भुकटी उडत होती, आणि मला वाटलं, हे कसं लागत असेल तळव्यांना. बस, एवढंच. यापुढे काही विचार केला असता तर मी गेलेच नसते.

पण "बेटी" हा शब्द तोंडातून इतका पटकन का निघाला हे मला नंतर कितीतरी दिवस टोचत राहिलं. खोटं बोलायची गरजच नव्हती, त्या पोराला काय, तो कागदावर लिहून मोकळा झाला असता. आता आमच्याकडे पन्नाशीतल्या बायका शिकत नाहीत असं नाही, योगा शिकतात, भजनाच्या क्लासला जातात, आमच्या गल्लीतल्या एक काकू तर साठीत की-बोर्ड शिकल्या. पण त्यात कोणी पडत नाही. पडणार मी, तेही चारचौघांत, पाय वर करून, एवढं त्या पोरासमोर कबूल करायचं जिवावर आलं.

जागा ठरवायला आम्हाला तीन आठवडे लागले. सासूबाईंचं मत औलीला, कारण तिथून बद्रीनाथ जवळ. म्हटलं आई, बद्रीनाथचे दरवाजे तेव्हा बंद असतात. तर म्हणाल्या मग जोशीमठाला नरसिंहाचं दर्शन घ्या, हिवाळ्यात पूजा तिथेच असते ना. हे खरंच होतं, सासूबाईंना या बाबतीत हरवणं शक्य नाही. पण 2023 च्या जानेवारीत जोशीमठ खचायला लागलं, घरांना तडे गेले, तेव्हा बंद झालेला वर औलीला जायचा रोपवे बंदच होता, आणि औलीचा उतार अडीच ते तीन हजार मीटरमधला, मार्च संपताना तिथे स्की घालण्याइतका बर्फ उरेल असं कोणी छातीठोक सांगेना. ह्यांचं मत मनाली, कारण ह्यांच्या ऑफिसातले सगळे मनालीलाच जातात. एप्रिलच्या तोंडाशी तिथलं सोलांग हिरवं व्हायला लागतं, मग सगळी गर्दी अटल टनेलच्या त्या नऊ किलोमीटरमधून पलीकडे लाहौलमध्ये बर्फ शोधत जाते आणि तिथे स्कीइंगच्या नावाखाली काय चालतं ते मी व्हिडिओत पाहिलं होतं, भाड्याचा लाल सूट, पायात स्की, एक माणूस दंडाला धरून दहा मिनिटं ओढतो, फोटो, उतरा, पुढचा या. तसला फोटो काढायचा तर त्यासाठी एवढं लांब कशाला जायचं.

खरं काय ते सांगितलं माझ्या भाच्याने, म्हणजे नणंदेच्या मुलाने. पुण्यात आयटीत आहे, एकदा जॉर्जियातल्या गुदौरीला जाऊन आलाय आणि तेव्हापासून या विषयावर बोलायला लागला की थांबत नाही. त्याचे व्हॉइस मेसेज पाच-पाच मिनिटांचे, मी पोळ्या लाटताना ऐकायचे. तो म्हणाला, मामी, सगळे लोक डोंगर किती उंच ते विचारतात. सीझन संपत आला असताना जायचं असेल आणि आपल्याला काहीच येत नसेल तर शिकायचा उतार किती उंचावर आहे ते विचारायचं. कारण नवशिक्यांचे उतार सगळीकडे खाली असतात, गावाला लागून, सपाट, आणि बर्फ वितळतो तो खालून. वर चार हजार मीटरवर मेपर्यंत बर्फ असेल, पण तो तुझ्या काय कामाचा, तू तिथून खाली येशील कशी?

लाटणं हातात धरून उभीच राहिले. इतकी साधी गोष्ट, पण एकाही जाहिरातीत नव्हती. ज्यांना येतं ते बर्फापर्यंत वर जातात, ज्याला येत नाही त्याच्यापर्यंत बर्फाला खाली यावं लागतं, आणि उशिरा शिकायला निघालेल्याच्या वाट्याचा तेवढा आधी वितळून जातो. पोळी तव्यावर करपली हे सांगायला नकोच.

मग त्याने यादी पाठवली. गुदौरी, गावच 2,200 मीटरवर, तिबिलिसीहून 120 किलोमीटर, वरच्या लिफ्टा 3,200 च्या पुढे. कझाकस्तानात अल्माटीच्या डोक्यावर शिम्बुलाक, खालचं स्टेशन 2,260 वर, आणि आपल्याला तिथे 2022 पासून 14 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. फ्रान्समधलं वाल तोरान्स, 2,300 मीटर, युरोपातलं सगळ्यात उंचावरचं स्कीचं गाव, एप्रिल संपला तरी चालू. शेवटचं नाव त्याने नुसतं जळवायला टाकलं होतं. शिम्बुलाकवर मी दोन रात्री अडकून होते, हो नाही हो नाही, आणि मग ह्यांनी कपाटातून पासपोर्ट काढला तर त्याची मुदत संपून अडीच वर्षं झालेली. परदेश तिथेच संपला.

राहिलं गुलमर्ग. गुलमर्ग 2,650 मीटरवर. खालची शिकायची मैदानं त्याच उंचीवर, म्हणजे भाच्याच्या नियमाने नापास. पण तिथला गोंडोला, म्हणजे रोपवे, दोन टप्प्यांत जातो, पहिला कोंगडोरीला, साधारण 3,080 मीटर, आणि दुसरा थेट अफरवटच्या खांद्यावर 3,900 च्याही वर. दुसरा टप्पा आपला नाही. पण कोंगडोरीला स्टेशनाबाहेर एक सौम्य उतार आहे आणि तिथे शिकवणारे उभे असतात, म्हणजे नवशिक्यांचा 'खालचा' बर्फ इथे चारशे मीटर वर नेऊन ठेवलेला. भाच्याने सर्टिफिकेट दिल्यासारखं सांगितलं, मामी, हे पास.

त्यात ते 2024 साल. ज्यांनी त्या जानेवारीतले गुलमर्गचे फोटो पाहिले असतील त्यांना आठवत असेल, तपकिरी डोंगर, वाळकं गवत, त्यात उभे असलेले हिरमुसले टूरिस्ट. चिल्लई कलान म्हणतात तिकडे, 21 डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, कडाक्याच्या थंडीचे, ते जवळजवळ कोरडे गेले. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या. आणि मग महिना संपता संपता बर्फ आला तो फेब्रुवारीभर येत राहिला. सगळा हिवाळाच लेट झालेला, आमच्यासारखा. आमच्या घरात मात्र आनंद झाला तो फार टिकला नाही, कारण 22 फेब्रुवारीला गुलमर्गच्या वरच्या अंगाला हिमस्खलन झालं आणि एक रशियन स्कीअर गेला. ह्यांनी ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली, चष्मा कपाळावर सरकवून, माझ्याकडे बघत. मी म्हटलं ते लोक आखलेल्या उताराबाहेर, मोकळ्या डोंगरावर गेले होते, मला तर आखलेल्या उतारावरसुद्धा उभं राहता येत नाही. बोलून गेले आणि जीभ चावली. पण ह्यांना काही लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल. एकतीस वर्षांच्या संसारात माणूस किती गोष्टी लक्षात आल्या नाहीत असं दाखवतो, कोण मोजणार.

निघायच्या आठवड्यात घराचं दृश्य असं, की गच्चीवर कूलरवाला जुनी घास उपसून नवी भरतोय, सगळीकडे ओल्या गवताचा वास, बाहेर 37 डिग्री, आणि मी पलंगाखालची पेटी ओढून थर्मल, मफलर, सासऱ्यांची जुनी माकडटोपी काढतेय. कूलरवाल्याने दारातून पाहिलं आणि विचारलं, "भाभी, सब ठीक है ना?" निघालो 31 मार्चला. आदल्या दिवशी रंगपंचमी. आता इंदूरचा माणूस गेर, म्हणजे आमची रंगांची मिरवणूक, सोडून कुठे जाणार, लेक तर पेपर संपल्यापासून त्याचीच वाट बघत होती. राजवाड्यासमोर टँकर, तिसऱ्या-चौथ्या मजल्यापर्यंत उडणारा गुलाल, त्या गर्दीत माणूस चालत नाही, वाहतो. घरी येऊन दोनदा न्हालो तरी दोघींच्या कानांमागे गुलाबी राहिलंच. दिल्लीला विमान बदलताना सिक्युरिटीवाली लेकीच्या मानेकडे बघून हसली, "इंदौर?"

टंगमर्गपासून गाडी देवदारांतून वर चढायला लागली आणि रस्त्याच्या कडेला मळकट, चिखल लागलेले बर्फाचे ढिगारे दिसायला लागले, जसा लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मांडवात पडलेला पसारा. माझा चेहरा पडला. गुलमर्गचं मैदान तर ठिगळांचं होतं, अर्धं पांढरं, अर्धं वाळक्या गवताचं, मधून पाण्याचे ओहोळ, घोड्यांच्या लिदीचा वास. एक फेरनवाला स्लेज घेऊन गवतावर उभा होता, ती ओढणार कशावरून हे त्यालाच माहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गोंडोलाची रांग उरकून आम्ही कोंगडोरीला बाहेर पडलो आणि डोळे मिटले. मुद्दाम नाही, मिटलेच. इतका उजेड माझ्या डोळ्यांनी कधी घेतलेला नव्हता. ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो हे मी आधी वाचलं होतं, म्हणून कपाळाला, गालांना क्रीम थापलं होतं, पण ऊन खालूनही येतं म्हणजे काय ते संध्याकाळी आरशात कळलं. हनुवटीच्या खालची बाजू आणि नाकपुड्यांच्या कडा भाजल्या होत्या. कानांमागे गुलाबी, नाकाखाली लाल.

बुटांबद्दल मला कोणीच सांगितलं नव्हतं. स्कीचा बूट म्हणजे बूट नव्हेच, तो नडगीला घातलेला प्लॅस्टिकचा प्लास्टर आहे, चार क्लिपा आवळल्या की घोटा संपला, तो आता तुमचा नाही. त्यात चालायचं कसं तर टाच आधी आपटत, सर्कशीतल्या अस्वलासारखं. आमचा कोच चाळिशीचा, उन्हाने काळवंडलेला, ओठ फुटलेले. त्याने स्की बर्फावर ठेवल्या, बुटावरचा बर्फ काठीने खरवडला, मला म्हणाला टाच दाबा, खट्‌ आवाज झाला, आणि मी अजून काहीच केलेलं नसताना हळूहळू मागे जायला लागले. मागे! ह्यांच्याकडे बघत बघत मी मागे मागे जातेय आणि हे हात हलवून टाटा करतायत, त्यांना वाटलं सुरू झालं.

पहिली पडले ती तेव्हा.

कोच म्हणाला, आधी थांबायला शिका, जायला शिकवावं लागत नाही. पुढची टोकं जवळ, टाचा लांब, आतल्या कडा बर्फात रोवायच्या. परदेशी लोक याला पिझ्झा म्हणतात, त्याने आम्ही इंदूरचे ऐकल्यावर सांगितलं, "मैडम, समोसा बनाओ." आणि ते ऐकून मला एकदम आमच्या रामबागेतली दुपार आठवली. मी अकरा-बारा वर्षांची, दादाची काळी चोवीस इंची सायकल, दांड्याखालून पाय घालून कैंची चालवायची. चालवायला दोन दिवसांत आली, थांबवायला कधीच नाही. ब्रेक होते, पण ब्रेक दाबला की तोल जायचा आणि सीटवर बसलेली असते तर पाय टेकला असता, कैंचीत तो दांड्याखाली अडकलेला. गल्लीच्या टोकाला कोणाचं तरी घर बांधणं चालू होतं, तिथे वाळूचा ढीग. मी सरळ त्या ढिगात घुसायचे. रोज. वाळू केसांत, दातांत, फ्रॉकच्या शिवणीत. मग एक दिवस घर बांधून झालं, वाळू संपली, आणि माझी सायकलही संपली. आईने म्हटलं पुरे, गुडघे बघ. कोणाला वाईट वाटल्याचं आठवत नाही, मलासुद्धा. पुढे लुना आली, स्कूटी आली, ती चालवतेच आहे. पण ते थांबायचं राहिलं ते राहिलंच.

कोचने वेळ ठरवून दिली होती, दहा ते बारा, फार तर साडेबारा. मला आधी वाटलं कामचुकारपणा. पण एप्रिलचा बर्फ दिवसातून तीन वेळा बदलतो. रात्री गोठलेला असतो, सकाळी काचेसारखा कडक, त्यावर आमच्यासारखा माणूस गेला तर थेट टंगमर्ग. दहानंतर वरचा थर मोकळा होतो, दाणेदार, भिजवून निथळलेला साबुदाणा असतो ना, एकेक दाणा सुटा, अगदी तसा, हातमोजा काढून मी तो मुठीत घेऊन पाहिला. त्यात स्की आपोआप हळू होते, पडलं तर लागतही कमी. आणि एक वाजून गेला की त्याचंच पाणी-पाणी, संपत आलेल्या गोळ्यासारखं, त्यात स्की रुतते, माणूस पुढे जातो आणि गुडघा मागे राहतो. म्हणजे शिकायला मऊ बर्फ हवा तर एप्रिल बरा, फक्त दोन तासांचा.

रमजान चालू होता. हे मला पहिल्या दिवशी लक्षातच आलं नाही. अकराव्यांदा पडून उठले, तोंडाला कोरड पडलेली, बाटली काढली, घटाघटा प्यायले आणि सवयीने त्याच्यापुढे केली. आमच्याकडे पाणी एकट्याने पीत नाहीत. तो म्हणाला, "आप पीजिए," आणि दुसरीकडे बघायला लागला. तेव्हा ते फुटलेले ओठ दिसले मला, म्हणजे आधी दिसले होते, पण आता दिसले. हा माणूस पहाटेपासून पाण्याचा थेंब न घेता माझं साठ-बासष्ट किलोचं वजन बर्फातून उचलतोय आणि मी प्रत्येक वेळी "सॉरी भैया" म्हणतेय. पुढच्या पडण्याला मी स्वतः उठायचा प्रयत्न केला. त्याने शिकवलंच होतं, स्की उताराला आडव्या करायच्या, कुशीवर वळायचं, मुठीवर जोर द्यायचा. चार मिनिटं लागली. लेक व्हिडिओ काढत होती.

लेकीने दुसऱ्या दिवशी बूट परत केले. "आई, हे टॉर्चर आहे," म्हणाली आणि मॅगीवाल्याच्या टपरीपाशी खुर्ची टाकून कावा पीत बसली, नेटवर्क होतं. तिला एकदाही पडायची भीती वाटली नाही, तिला फक्त कंटाळा आला, आणि मला तिचा थोडा राग आला, थोडा हेवा वाटला. संध्याकाळी तिने मला सांगितलं की तू प्रत्येक पडण्याला "अगं बाई" म्हणतेस, अगदी दर वेळी, मी मोजलं. स्लेजवाले तर रोज गळ घालायचे, "आंटी, छोड़ो, बैठ जाओ, घुमा देते हैं." एकदा बसणारच होते, खरं सांगते. गुडघा सुजला होता, हे हॉटेलात गरम पाण्याची पिशवी देताना काहीच बोलले नव्हते, ते जास्त लागलं होतं.

चौथ्या दिवशी, निघायच्या आदल्या दिवशी, मी वरून सुटले आणि कोच बरोबर नव्हता, तो खाली उभा होता. पन्नास-साठ पावलांचं अंतर असेल. तळव्याखालून आवाज येत होता, खरखर, खरखर, जशी ओल्या साखरेवरून वाटी ओढावी. नडग्या बुटाला टेकवून ठेवल्या. टाचा बाहेर ढकलल्या, अजून ढकलल्या, मांड्या पेटल्या, आणि मॅगीवाल्याच्या स्टोव्हपासून दोन हातांवर मी उभी होते. मॅगीवाल्याने पातेलं उचलून धरलेलं. लेकीचं लक्ष फोनमध्ये होतं, तिने काही पाहिलं नाही. व्हिडिओ नाही. कोच म्हणाला, "ठीक है," आणि घड्याळ बघितलं, साडेबारा झाले होते.

इंदूरला परत आलो तर कूलर चालू, उन्हाळा पुरता आलेला, नाकाची साल निघत होती आणि शाळेत सगळ्या विचारत होत्या की काय लावलंस. आठवड्याने ट्रॅव्हलवाल्याचे राहिलेले पैसे द्यायला गेले. दोर धरून वर चढले, या वेळी अर्ध्यात एकदा थांबून. त्याने पैसे मोजले, पावती केली, पाणी मागवलं. "आंटी, बेटी ने सीख लिया?"

"नहीं," म्हटलं, "उसको जमा नहीं."

तो चुकचुकला, म्हणाला पुढच्या वर्षी जानेवारीत पाठवा, तेव्हा बर्फ जास्त. मी हो म्हटलं आणि उठले. गुडघा अजून वाकत नव्हता नीट, सरळ उतरता येईना, म्हणून आडवी झाले, कोचने कडक बर्फावर उतरायला शिकवलं होतं तशी, कूस खालच्या पायऱ्यांकडे, एक पाय खाली, दुसरा त्याच्याशेजारी, परत एक. चार-पाच पायऱ्या झाल्या असतील, वरून त्याचं डोकं दिसलं. बघत होता.

"आंटी, आप गिर गई थीं क्या?"

"ग्यारह बार," मी खालूनच ओरडून सांगितलं. "सिर्फ पहले दिन."